सलाका, चवदार तळे आणि गावकीचा निर्णय

वर्षावासातील प्रवचनाच्या निमित्ताने खालापूर-कर्जत परिसरातील कुंभिवली येथे जाण्याचा योग आला. विषय विनयपिटकातील संघकर्माचा होता. भिक्खुसंघात ठराव मांडला जाई, गणपूर्तीचा नियम होता, मतदानही होते, हे सांगून झाल्यावर श्रोत्यांतील एका तरुणाने विचारले, “सर, गावकी बसते, सगळे हात वर करतात आणि एका घराला वाळीत टाकतात. तेही बहुमतच ना? मग ती लोकशाही का नाही?” त्या वेळी मी दिलेले उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख ही त्या उत्तराची दुरुस्ती होय.

भिक्खुसंघाला संसदीय कार्यपद्धती परिचित होती, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले, आणि हे नियम भगवान बुद्धांनी तत्कालीन राजकीय सभांकडून घेतले असावेत, असा तर्कही मांडला. या विधानाचा आपण वारंवार अभिमानाने उल्लेख करतो. परंतु बहुधा ‘आमच्याकडेही मतदान होते’ एवढ्यावरच थांबतो. चुल्लवग्गातील समथक्खन्धक मुळातून वाचणाऱ्यास मात्र एक वेगळीच गोष्ट जाणवते. तेथे मतदानाला प्रतिष्ठा कमी आणि बंधने फार आहेत.

संघातील वाद शमविण्याचे सात उपाय सांगितले आहेत. त्यांपैकी ‘येभुय्यसिका’, म्हणजे बहुमताने निर्णय, हा केवळ एक. क्षुल्लक वादासाठी तो वापरावयाचा नाही. वादाच्या चौकशीचे इतर मार्ग संपल्याशिवाय वापरावयाचा नाही. संघात फूट पडेल असे दिसत असता तर मुळीच नाही. मत नोंदविण्यासाठी सलाका, म्हणजे लाकडी शलाका, वाटल्या जात. त्या वाटणारा ‘सलाकगाहापक’ संघाने रीतसर नेमावयाचा. आणि तो छंद, द्वेष, मोह व भय यांच्या आहारी न जाणारा, तसेच कोणती सलाका घेतली गेली व कोणती नाही हे जाणणारा असावा लागे. सलाका देण्याच्या पद्धती तीन: गुप्त, कानात सांगून आणि उघड. गुप्त पद्धतीत दोन पक्षांच्या सलाका निरनिराळ्या रंगांच्या असत, आणि घेतलेली सलाका कोणास दाखवू नये अशी सूचना प्रत्येक भिक्खूस दिली जाई. प्रत्येकाने आपापल्या दृष्टीप्रमाणेच सलाका घ्यावी, अन्यथा ते मतदान अधार्मिक.

येथवर आधुनिक वाचक प्रसन्न होतो. पुढचा नियम त्याला अडखळवितो. मोजणीनंतर अधर्मवाद्यांची संख्या अधिक असल्याचे आढळले, तर सलाकगाहापकाने ते मतदान ‘दुग्गह’, म्हणजे चुकीचे ग्रहण, ठरवून मागे घ्यावयाचे आहे; धर्मवादी अधिक असतील तरच ‘सुग्गह’ म्हणून घोषणा करावयाची. आपल्यापैकी काही उत्साही लेखक हा नियम वगळूनच पुढे जातात. ते योग्य नव्हे. या नियमात एक मोठे तत्त्व आहे आणि एक मोठी उणीवही आहे. तत्त्व असे की, धर्म आणि विनय यांच्या विरुद्ध जाण्याचा अधिकार बहुमताला नाही. उणीव अशी की, मते गोळा करणाराच ती रद्द करणारा आहे. सलाकगाहापक चार अगतींपासून मुक्त आहे, या गृहीतकावर सारी इमारत उभी आहे. ज्या समाजात प्रत्येकाने स्वेच्छेने प्रव्रज्या घेतली आहे तेथे ते कदाचित चालेल. राज्यात चालणार नाही.

तरुणाच्या प्रश्नाशी अधिक जवळचा भाग म्हणजे ‘उक्खेपनीयकम्म’. आपत्ती मान्य न करणाऱ्या भिक्खूला संघाच्या सहवासातून दूर ठेवण्याचे हे कर्म, कोसंबीच्या छन्न भिक्खूच्या निमित्ताने सांगितले आहे. वरवर पाहता हेही वाळीत टाकणेच. परंतु त्याच्या अटी पाहाव्यात. संबंधित भिक्खू समोर हजर हवा. त्याच्यावर आरोप ठेवलेला हवा, त्याला विचारलेले हवे. त्याच्या पाठीमागे वा त्याला न विचारता केलेले कर्म अधम्मकम्म ठरते. आणि योग्य वर्तन दिसताच ते कर्म मागे घेण्याची तरतूद आहे. गावकीच्या बैठकीत यांपैकी किती गोष्टी घडतात, हे रायगड जिल्ह्यातील वाचकास मी सांगण्याची आवश्यकता नाही.

आता त्याच जिल्ह्यातील महाडकडे वळू. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. महाडचा इतिहास आपण सत्याग्रहाचा म्हणून सांगतो, आणि ते उचितच आहे. तथापि तो ठरावांचाही इतिहास आहे. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस केली. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव झाला, पाणी मात्र मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि परिषदेचे प्रतिनिधी चवदार तळ्यावर गेले व पाणी प्याले. नंतर, ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावास बरोबर चार वर्षे होत असता, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला.

हा ठराव कोणा जमावाने केला नव्हता. तो निर्वाचित संस्थेचा ठराव होता. विनयाच्या भाषेत तो दुग्गह होता, पण तसे घोषित करणारा कोणी नव्हता. मताधिकारही सर्व प्रौढांना नव्हता, हे खरे. परंतु तो असता तरी निकाल निराळा लागला असता असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर स्पृश्य वादींनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. मात्र तळ्यावरील सत्याग्रह बाबासाहेबांनी स्थगित केला. हजारो माणसे जमलेली असता, आपल्या विरुद्ध गेलेल्या हुकुमाचा मान राखून थांबणे सोपे नसते. या स्थगितीचे महत्त्व आपल्या लेखनात अजून पुरेसे आलेले नाही, असे माझे मत आहे. न्यायालय ही सलाकगाहापकाहून वेगळी, ठराव करणाऱ्यांपासून अलग असलेली संस्था आहे, आणि ती टिकली तरच दुर्बलाला आधार, हे त्या स्थगितीत गृहीत आहे.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले. न्या. ब्रूमफील्ड यांच्या निकालाचा आधार मात्र नीट लक्षात घ्यावा. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, म्हणून ते हरले. रूढी सिद्ध झाली असती तर ती सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून त्याज्य ठरते काय, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरजच पडली नाही. विजय झाला, परंतु फट राहिली.

ती फट संविधानाने बुजविली. अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्य ठरविले आणि ‘कायदा’ या संज्ञेत रूढी व परिपाठ यांचाही समावेश केला. अनुच्छेद १५ मध्ये विहिरी आणि तलाव यांचा नावानिशी उल्लेख आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आणि अनुच्छेद ३२ ने थेट सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले. महाडचा दावा आठवून हे अनुच्छेद वाचले, म्हणजे कोणता शब्द कशासाठी आला हे कळते. मसुद्यात खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक मानल्याचे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात समर्थन केले होते. पुढे अनुच्छेद ४० आला, आणि १९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना व ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. परंतु ते मूलभूत हक्कांच्या चौकटीत. गावकीला असे कोणतेच स्थान नाही.

वाळीत टाकण्याविरुद्धचा एक प्रयत्न मुंबई राज्याने १९४९ सालीच बहिष्कारबंदीचा कायदा करून केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. त्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. दरम्यान महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र अधिनियम संमत केला व तो जुलै २०१७ मध्ये अमलात आला. त्यामागे ज्या तक्रारी होत्या, त्यांत रायगड जिल्ह्याचे नाव वारंवार येत होते. तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात शिक्षा आहे. तेव्हा कुंभिवलीच्या त्या तरुणाला पुन्हा भेटलो तर एवढेच सांगेन की, हात किती वर झाले हे नंतर मोजू. ज्याच्या घराविषयी निर्णय होत होता तो बैठकीत हजर होता काय, त्याला विचारले होते काय, आणि निर्णय चुकला तर तो दाद कोठे मागणार होता, हे आधी सांग.