मोहरमच्या देगींतील खिचडा

मोहरमचा नववा दिवस मावळला कीं मुंबईच्या मुसलमान मोहल्ल्यांतून मोठमोठ्या देगी चुलींवर चढतात. सडलेले गहूं, जंव, तांदूळ, हरभरा-तूर-मूग-मसूर यांच्या डाळी आणि मांस रात्रभर शिजत राहतें व दुसऱ्या दिवशीं, म्हणजे आशुऱ्याला, तो खिचडा घरोघर वांटला जातो. नांवावरून हा आपल्या खिचडीचा थोरला भाऊ वाटावा. परंतु त्याचें कूळ निराळें आहे. खिचडी कितीही मऊ झाली तरी तिच्यांतील दाणा ओळखूं येतो. खिचड्यांत दाणा आणि मांस हीं एकमेकांत पार विरून जावीं लागतात. हें विरविण्याचें तंत्रच त्याची वंशावळ सांगतें, आणि ती वंशावळ बगदादच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोंचते.

अरबी भाषेंत ‘हरस’ या धातूचा अर्थ कुटणें, ठेंचणें. त्यावरून गहूं व मांस घोटून केलेल्या पदार्थास हरीसा हें नांव पडलें. दहाव्या शतकांत इब्न सय्यार अल्-वर्राक यानें बगदादेंत संकलित केलेल्या पाकग्रंथांत हरीशाच्या कृति आहेत. इ. स. १२२६ मध्यें मुहंमद अल्-बगदादी यानें लिहिलेल्या ग्रंथांतील कृति तर आजच्या आचाऱ्यानेंही समोर ठेवावी इतकी स्पष्ट आहे. मांस उकळून तें हाडांपासून सोडवावें, त्याचे धागे करावे, कोंडा काढून धुतलेला गहूं त्यांत घालावा आणि रात्रीचा पहिला प्रहर सरेपर्यंत ढवळीत राहावें. मग कोंबडीचे तुकडे व दालचिनी घालून मध्यरात्रीपर्यंत शिजूं द्यावें, आणि नंतर तें सारें एकजीव होईतों घोटावें. पहांटे उतरवून वर दुंब्याच्या शेपटीची वितळलेली चरबी, जिरें व दालचिनी घालावी. महाराष्ट्रांत गव्हाची खीर करणाऱ्या घरांना यांतील पहिली पायरी सांगावयास नको. गहूं ओला करून कांडला कीं टरफल सुटतें आणि आंतील पीठ पाण्यांत मोकळें होतें. इकडे मांसांतील शिरा व कूर्चा दीर्घकाळ मंद आंचेवर चिकट रसांत उतरतात. रांगड्या, स्वस्त मांसालाच हा पदार्थ अधिक मानवतो, तो यामुळें.

एवढी रात्र जागविणें प्रत्येक घराला परवडणारें नव्हतें. त्यामुळें पुष्कळ लोक हरीसा बाजारांतूनच घेत. बाजार आला कीं लबाडीही आली! घोटून एकजीव झालेल्या पदार्थांत मांस किती, कोणतें आणि किती शिळें, हें गिऱ्हाइकानें ओळखावें कसें? म्हणून बाराव्या शतकांत अश्-शैझरी यानें बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या मुहतसिबासाठीं जें हस्तपुस्तक लिहिलें, त्यांत हरीसा विकणाऱ्यांसाठीं स्वतंत्र प्रकरण घालणें त्याला अवश्य वाटलें.

हिंदुस्थानांत हा पदार्थ किती रुळला होता याची साक्ष अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’ त सांपडते. तेथें हरीशाचें प्रमाण दिलें आहे तें असें : दहा शेर मांस, पांच शेर भरडलेले गहूं, दोन शेर तूप, अर्धा शेर मीठ आणि दोन दाम वजनाची दालचिनी. त्याच यादींत हलीम हें वेगळें नांव आहे. हलिमांत गहूं व मांस यांच्या जोडीला हरभरा, केशर, सलगम, गाजर, पालक आणि बडीशेप येतात. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस हरीशाशेजारीं डाळभाज्यांचें हें दुसरें भांडें मांडलेलें होतें. मुंबईचा खिचडा त्या दुसऱ्या भांड्याच्या अधिक जवळचा.

आशुऱ्याला सण म्हणणें मात्र जपूनच केलें पाहिजे. इ. स. ६८० मध्यें करबलेच्या मैदानांत इमाम हुसेन व त्यांचे सोबती मारले गेले. फुरात नदी जवळ असून त्यांना पाणी मिळूं दिलें गेलें नाहीं. शिया मुसलमानांस हा दिवस शोकाचा आहे. भुकेल्या-तान्हेल्याला अन्नपाणी देणें हा त्या शोकाचाच भाग. सुन्नी घरांतून दुसरीही एक कथा सांगतात : नूह पैगंबरांची नौका या दिवशीं किनाऱ्याला लागली आणि शिल्लक राहिलेलें सारें धान्य एकाच भांड्यांत शिजलें. तुर्कस्तानांत याच कथेवर ‘आशुरे’ नांवाचा गोड, निर्मांस पदार्थ होतो. कथा दोन असल्या तरी दोहोंत भांडें एकच, आणि तें एका कुटुंबापुरतें नाहीं.

हैदराबादेंत या पदार्थानें वेगळें वळण घेतलें. हद्रमौतचे अरब निजामाच्या फौजेंत होते. त्यांच्या वस्तीला बारकस म्हणतात, आणि तेथें साधा, जवळजवळ मसाल्याविना केलेला हरीस अजून मिळतो. शहरांत मात्र तूप, मसाले, तळलेला कांदा आणि पुदिना यांनीं नटलेला हलीम रमजानांतील संध्याकाळचें भूषण होऊन बसला. २०१० सालीं हैदराबादी हलिमाला भौगोलिक मानांकन मिळालें. त्यामुळें नांवाला कायद्याचें कुंपण पडलें, आणि दर्जा राखण्यास तें उपयोगी आहे यांत शंका नाहीं. तथापि बगदादेपासून दख्खनपर्यंत हातोहात आलेल्या पदार्थाला एका शहराची मालकी चिकटविणें थोडें विनोदीच. २०२३ सालीं युनेस्कोनें हरीस वारसायादींत घेतला, तेव्हां संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि सौदी अरेबिया या तिन्ही देशांचीं नांवें एकत्र लिहावीं लागलीं. त्याच्या जवळच्या नात्यांतील तुर्की केश्केक २०११ सालींच त्या यादींत गेला होता.

दुकानांतील हलीम आतां पुष्कळ ठिकाणीं यंत्रानें घोटतात, आणि तो वजनावर विकला जातो. मोहल्ल्यांतील देगीभोंवतीं मात्र लांकडी घोटणी घेऊन माणसें पाळीपाळीनें उभीं राहतात. गहूं तळाला धरला तर अख्खी देग करपते. म्हणून पहांटेच्या सुमारास, हात भरून आलेले असतांना, घोटणी क्षणभरही थांबवितां येत नाहीं. देग उतरली कीं पहिलीं भांडीं शेजारच्या घरीं जातात.