दवाखान्याचा खर्च कुणाच्या वहीत?

आरोग्याच्या प्रशिक्षणात 'भोर समिती' हे नाव आलं की मागच्या ओळीतून हमखास प्रश्न येतो, "ताई, आपल्या भोरची का?" नाही. ही समिती सर जोसेफ भोर या अधिकाऱ्यांच्या नावाने ओळखली जाते. लोकांच्या आरोग्याची स्थिती पाहून सरकारने काय करावं हे सांगण्यासाठी इंग्रज सरकारने १९४३ साली ती नेमली आणि १९४६ साली तिचा अहवाल आला. गंमत म्हणजे तिचा हिशोब ब्रिटिश मुलखाचा होता, आणि आपला भोर-वेल्ह्याचा बराचसा डोंगरपट्टा त्यात येतच नव्हता. इथे पंतसचिवांचं भोर संस्थान होतं. ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं. तारीख लक्षात ठेवायला सोपी, आपला महिला दिन.

तरी आज मी त्या अहवालापासूनच सुरुवात करते. पैसे नाहीत म्हणून कुणाचंही औषधपाणी अडता कामा नये, हे सरकारी कागदावर इतक्या स्पष्टपणे त्यात आलं. आणि आपल्या बचत गटाच्या वहीत 'कर्जाचं कारण' या रकान्यात अजूनही 'आजारपण' लिहावं लागतं. त्या कागदापासून या वहीपर्यंत पैसा कसा आला आणि कुठे अडला, ते आज पाहू.

भोर समितीने दोन टप्पे सांगितले होते. पहिल्या टप्प्यात ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यात दोन डॉक्टर, शिवाय नर्स, सुईणी आणि औषध देणारा माणूस. पुढे तीस-चाळीस वर्षांनी १० ते २० हजार लोकांमागे ७५ खाटांचं एक रुग्णालय. आता वेल्ह्याचा हिशोब मांडा. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. २० हजारांमागे एक असं धरलं तरी ७५ खाटांची निदान दोन रुग्णालयं आणि तिसऱ्याचा बराचसा भाग आपल्या वाट्याला यायला हवा होता. भोर तालुक्याचे सुमारे १ लाख ८६ हजार लोक धरले तर तिथे नऊ. आजच्या नियमात ग्रामीण रुग्णालय म्हणजे ३० खाटा. यावरून काय ते समजा.

प्रत्यक्षात झालं असं की २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि आरोग्य केंद्रं त्याच्यासोबत आली. पण एका विकास गटाला एक केंद्र आणि त्यात सहा खाटा. एका गटात साठ हजारांपासून लाखापर्यंत लोक. देश गरीब होता हे खरंच. धरणं, कारखाने, रेल्वे यांना पैसा लागत होता. आपल्याकडच्या लोकांनी पानशेतला जमिनी दिल्या, त्या याच काळात. नंतर आरोग्याच्या पैशातला मोठा हिस्सा कुटुंब नियोजनाकडे वळला. ताप घेऊन दवाखान्यात गेलं तरी आधी "ऑपरेशन झालंय का?" असं विचारायचे, हे जुन्या बायका अजून सांगतात.

पैसा कमी पडण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते १९१९ सालचं आहे. त्या वर्षी इंग्रजांनी नवीन कायदा केला. शिक्षण, आरोग्य अशी खर्चाची खाती प्रांतांतल्या भारतीय मंत्र्यांना दिली आणि तिजोरी, शेतसारा ही खाती गव्हर्नराच्या हाताखाली ठेवली. म्हणजे सुनेकडे चूल दिली, पण कोठीच्या किल्ल्या सासूच्या कमरेलाच. स्वातंत्र्यानंतर घटनेतही आरोग्य हा राज्याचाच विषय राहिला आणि मोठे कर केंद्राकडे गेले. म्हणून आपल्या उपकेंद्राचा रुपया थोडा मुंबईहून येतो, थोडा दिल्लीहून. राष्ट्रीय आरोग्य अभियानात २०१५-१६ पासून केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० असा वाटा आहे. १ मे १९६२ पासून केंद्रं चालवायला मिळाली जिल्हा परिषदेला. इतक्या हातांतून येणारा पैसा वेळेवर पोचला नाही, तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

१९७७ साली गावातल्याच एका माणसाला शिकवून आरोग्य रक्षक करायची योजना निघाली. त्याला मानधन महिन्याला ५० रुपये. त्यात बहुतेक जागी पुरुषच नेमले गेले, आणि बाळंतपणाचं, अंगावरून जाण्याचं दुखणं बाई त्यांना सांगणार तरी कसं? याच्या आधीच आपल्या महाराष्ट्रात वेगळं घडत होतं. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे गावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवत होते. मुंबईचे डॉ. नोशीर अंतिया यांनी अलिबागजवळ मांडव्याला तेच केलं आणि पुढे त्यांच्या संस्थेने आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात परिंच्याला. कमी शिकलेली बाईसुद्धा रोगाची पारख करू शकते, हे या बायकांनी दाखवून दिलं. आजच्या आशाताईची मुळं तिथे आहेत.

मग १९८० नंतर खासगी दवाखाने झपाट्याने वाढले. विनाअनुदानित मेडिकल कॉलेजं निघाली. नव्वदच्या दशकात सरकारने हात आखडता घेतला आणि सरकारी दवाखान्यातही केस पेपरला, तपासणीला पैसे आकारण्यावर भर आला. लोकांना सेवेची किंमत कळावी, असं तेव्हा सांगितलं जायचं. मला हे कधीच पटलं नाही. एसटीचं भाडं देऊन, मजुरीचा खाडा करून जी बाई दवाखान्यात येते, तिला किंमत आधीच कळलेली असते.

नेमकं कोण किती खर्च करतं, हे मोजायचा एक चांगला प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. रवी दुग्गल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यात घरोघरी जाऊन आजारपणाचा खर्च विचारला. लोक मुख्यतः खासगीकडे जात होते, आणि घरच्या खिशातून जाणारा पैसा सरकारच्या खर्चापेक्षा जास्त होता. तोपर्यंत दिल्ली-मुंबईत आरोग्याचा खर्च म्हणजे सरकारी बजेट असंच धरलं जायचं. आपली दागिन्यांची मोड, उसनवारी, शेळी विकणं हे कुणी मांडतच नव्हतं.

इथे थोडं अर्थशास्त्र सांगते, पण घाबरू नका. आठवडे बाजारात टोमॅटो महाग वाटले तर आपण वांगी घेतो, किंवा रिकामी पिशवी घेऊन परत येतो. दवाखान्यात तसं होत नाही. काय घ्यायचं, किती घ्यायचं हे विकणाराच ठरवतो आणि घेणाऱ्याला घाई असते. १९६३ साली केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने हेच मांडलं: आजारपणाचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही, कारण रोग्याला माहिती नसते आणि आजार कधी येईल हेही ठाऊक नसतं. म्हणूनच बऱ्याच देशांनी हा खर्च सगळ्यांच्या करातून करायचं ठरवलं. इंग्लंडने ५ जुलै १९४८ पासून. त्या वेळी युद्धाने तोही देश कंगाल झाला होता, हे आपल्याकडचे लोक विसरतात.

आता आपली वही. मी गटांच्या वह्या तपासते तेव्हा 'आजारपण' हे कारण दिसतं तेवढंच धरत नाही. 'घरखर्च' लिहिलेल्या कर्जातही दवाखाना लपलेला असतो. शेकडा दोन रुपयांनी घेतलेलं कर्ज, सासऱ्यांच्या सलाईनला, पोराच्या मोडलेल्या हाताला, नवऱ्याच्या पोटदुखीला. बाई स्वतःच्या दुखण्यासाठी कर्ज मागते ते फार क्वचित. ती आवणी होऊ दे म्हणते, मग काढणी होऊ दे म्हणते. सरकारने न केलेला खर्च आधी बाईच्या अंगावर निघतो आणि मग गटाच्या वहीत चढतो.

देशाचा हिशोब काय सांगतो? सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २००४-०५ साली आरोग्यावरच्या दर १०० रुपयांतले ६९ रुपये लोक थेट खिशातून देत होते. २०१३-१४ साली ६४ आणि २०२१-२२ साली ३९. आकडा उतरला हे चांगलंच. मात्र ही घट कितपत खरी, यावर अर्थतज्ज्ञांत वाद आहे. दुसऱ्या बाजूने बघा. देशात वर्षभरात जे पिकतं, बनतं, विकलं जातं त्याची किंमत १०० रुपये धरली, तर २०१३-१४ साली सगळ्या सरकारांनी मिळून त्यातला १ रुपया १५ पैसे आरोग्यावर खर्च केला. २०२१-२२ या कोरोनाच्या वर्षी १ रुपया ८४ पैसे. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच रुपयांचं वचन होतं. त्याच धोरणात राज्यांनी आपल्या बजेटमधल्या १०० रुपयांतले ८ रुपये आरोग्याला द्यावेत असंही म्हटलं होतं. महाराष्ट्रासारखं श्रीमंत राज्य गेली काही वर्षं ५ रुपयांच्या आसपासच घुटमळतंय.

२००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि पहिल्यांदा थोडा मोकळा पैसा खालपर्यंत पोचला. उपकेंद्राला वर्षाला १० हजार, गावाच्या आरोग्य समितीला १० हजार. प्राथमिक आरोग्य केंद्राला २५ हजार मुक्त निधी, ५० हजार देखभालीचे आणि रुग्ण कल्याण समितीला १ लाख, म्हणजे एकूण पावणेदोन लाख. रक्कम मोठी नव्हती. पण बंद पडलेला नळ, प्रसूतीच्या खोलीतला दिवा, बसायला बाकडं यासाठी पुण्याच्या मंजुरीची वाट बघायची गरज उरली नाही.

त्याच अभियानात २००७ पासून लोकांनी स्वतः दवाखान्यावर देखरेख ठेवायचं काम महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत सुरू झालं. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, ठाणे आणि आपला पुणे. गावकरी लाल, पिवळा, हिरवा रंग देऊन केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचे आणि मग जनसुनवाई व्हायची. डॉक्टर, अधिकारी समोर बसलेले आणि बायका उभं राहून विचारणार: औषध बाहेरून का आणायला लावलं? सुईचे पैसे कशाचे घेतले? उपकेंद्राला कुलूप का? आपल्या भागातल्या आरोग्याच्या इतिहासातलं मला सर्वात आवडतं पान हेच आहे. बजेट मुंबईत ठरतं, पण ते पोचलं की नाही हे त्या मांडवात कळायचं.

यानंतर सरकारने दुसरी वाट धरली, विम्याची. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत आली, नोव्हेंबर २०१३ पासून सगळ्या राज्यात, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं आणि १ जुलै २०२४ पासून ५ लाखांचं संरक्षण सुरू झालं. हृदयाचं, किडनीचं, कॅन्सरचं ऑपरेशन या योजनेतून झालं म्हणून वाचलेली माणसं आहेत, तेव्हा मी तिला नावं ठेवणार नाही. तिच्या मर्यादा मात्र माहीत हव्यात. यादीतला आजार हवा, यादीतलं रुग्णालय हवं, आणि मोठी रुग्णालयं पुण्यात. पासलीच्या, केळदच्या बाईला तिथे राहणं-खाणं, जाणं-येणं, खाडा हा खर्च आहेच. ताप, खोकला, बीपीची रोजची गोळी, अंगदुखी या कार्डात बसत नाही. गटाच्या वहीतली बरीच छोटी कर्जं नेमकी अशाच दुखण्यांची असतात.

गोळ्यांचा प्रश्न नुसता कमी पैशाचा नाही. मंजूर झालेला पैसा वेळेत खर्च होत नाही, हेही दुखणं आहे. तमिळनाडूने १९९४ साली औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं, वर्षाची गरज मोजून एकत्र खरेदी केली, जिल्ह्या-जिल्ह्यात गोदामं केली आणि औषधं स्वस्तात, वेळेवर दवाखान्यात पोचवली. आपल्याकडे २०१७ साली हे काम हाफकिन महामंडळाला दिलं, ते अडखळलं, आणि २०२३ साली त्यासाठी वेगळं प्राधिकरण करणारा कायदा झाला. म्हणजे सुमारे तीस वर्षं उशीर.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपर, तपासण्या आणि उपचार मोफत झाले. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय, सगळीकडे. ससूनला ही सवलत गृहीत धरू नका, कारण ते वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. बाळंतपण, औषधं, जेवण आणि घरी सोडणारी गाडी तर २०११ पासूनच मोफत आहे. कुणी पैसे मागितले तर पावती मागा. मोफत सेवेची पावती कुणाला फाडता येत नाही, त्यामुळे बोलणं तिथेच थांबतं.

आशाताईंचंही सांगायला हवं. १९७७ चे ५० रुपये मी मघाशी सांगितले. आशाताईला पगार नाही, कामागणिक मोबदला. २०२४ च्या जानेवारीत राज्यभरच्या आशा संपावर गेल्या, १ मार्चपर्यंत नेटाने बसल्या, आणि राज्य सरकारने महिन्याला ५ हजारांची वाढ दिली. आरोग्याच्या बजेटमधला एक आकडा बायकांनी रस्त्यावर बसून बदलून घेतला.

१ एप्रिलला सरकारचं नवं वर्ष सुरू होतं. त्यानंतरच्या पहिल्या ग्रामसभेला जाताना एवढं विचारून या: आपल्या गावाच्या आरोग्य समितीच्या खात्यात मागच्या वर्षी किती जमा झाले, कशावर गेले आणि किती परत गेले. उत्तर गटाच्या बैठकीत वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी मी येईन तेव्हा तुमची आणि शेजारच्या गावाची पानं शेजारी ठेवून बघू.