नियम सोपा, हिशेब अवघड

मागच्या व्याख्यानात आपण न्यूटनच्या १६८७ सालच्या 'प्रिन्सिपिया'पर्यंत आलो होतो. गुरुत्वाकर्षणाचा नियम अगदी एका वाक्यात मावतो: दोन वस्तूंमधली ओढ त्यांच्या वस्तुमानांच्या गुणाकारावर ठरते, आणि अंतर दुप्पट झालं की ती एक चतुर्थांश होते. झाला नियम. मग आजचा आपला प्रश्न असा, की नियम इतका सोपा असेल तर जग इतकं गुंतागुंतीचं का?

बराच काळ लोकांना वाटत होतं की हा केवळ मेहनतीचा प्रश्न आहे. तसं वाटायला कारणही होतं. हॅलेचा धूमकेतू बघा. तो परत कधी येणार, हे काढायला फ्रान्समध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या तिघांनी कित्येक महिने हाताने आकडेमोड केली. गुरू आणि शनी त्याला किती उशीर करतील, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांचं उत्तर होतं, १७५९ च्या एप्रिलचा मध्य. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला तो १३ मार्चला. सुमारे ७६ वर्षांच्या फेरीत जेमतेम महिन्याची चूक! या यशातूनच पुढे १८१४ मध्ये लाप्लासने म्हटलं, की आजची सगळी स्थिती आणि सगळी बलं जिला ठाऊक आहेत अशा बुद्धीला भविष्यही भूतकाळाइतकंच स्पष्ट दिसेल.

आता १८८५ मध्ये येऊ. स्वीडन-नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त गणिताची स्पर्धा जाहीर झाली. त्यातला एक प्रश्न होता: न्यूटनच्या नियमाने एकमेकांना ओढणाऱ्या अनेक वस्तूंची गती कायमची सांगता येईल का? आंरी प्वांकारेने विचार तीनच वस्तूंचा केला. उत्तर पूर्ण नव्हतं, तरी १८८९ च्या जानेवारीत बक्षीस त्यालाच मिळालं. निबंध छापला जात असताना संपादनात मदत करणाऱ्या फ्राग्मेन या तरुण गणितज्ञाने एका जागी शंका विचारली. तिचं निरसन करता करता प्वांकारेला दुसऱ्याच जागी स्वतःची मोठी चूक सापडली. छापलेल्या प्रती परत मागवाव्या लागल्या. वाया गेलेल्या छपाईचा खर्च त्याने स्वतः भरला: ३,५०० क्रोनरहून जास्त. बक्षीस होतं २,५०० क्रोनरचं!

पण तीच चूक दुरुस्त करताना खरा शोध लागला. तीन वस्तूंच्या मार्गांमध्ये अशी काही गुंतवळ होते, की तिचं चित्र काढण्याच्या भानगडीत आपण पडणार नाही, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. नियम तोच, जागा फक्त एका वस्तूने वाढली. सुरुवातीचा बारीकसा फरक पुढे प्रचंड होऊ शकतो, हे त्याने १९०८ मध्ये सोप्या भाषेतही सांगितलं.

त्यानंतर १९६१ साल. अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ संगणकावर एक काल्पनिक हवामान चालवत होता. तेच गणित पुन्हा करताना त्याने छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. संगणकाच्या पोटात मात्र ०.५०६१२७ होता. थोडा वेळ दोन्ही हवामानं बरोबर चालली, आणि मग त्यांचा एकमेकांशी काही संबंधच उरला नाही. १९६३ च्या निबंधात त्याने दाखवलं, की यासाठी तीन समीकरणंही पुरतात.

म्हणजे गुंतागुंत नियमात नसते. ती नियम पुन्हा पुन्हा लागू होण्यात असते, आणि सुरुवात आपल्याला अचूक मोजता येत नाही यात असते. म्हणूनच आज हवामानाचं गणित एकदाच करत नाहीत. सुरुवातीचे आकडे किंचित बदलून ते अनेकदा करतात, आणि त्यातून 'शक्यता' सांगतात.

पेरणीच्या तोंडावर 'पावसाची शक्यता' हे शब्द ऐकून आपण वैतागतो. "यांना काहीच कळत नाही," असं म्हणून मोकळे होतो. बियाणं मातीत घालणाऱ्याची जोखीम खरी आहे, तिची चेष्टा नाही. पण 'शक्यता' म्हणणं ही पळवाट नसते. आपल्याला किती ठाऊक आहे याचा तो हिशेब असतो. बक्षीस मिळाल्यावरही प्वांकारेने स्वतःची चूक लपवली नाही, त्यातलाच तो प्रामाणिकपणा आहे.