शोधप्रकल्प : गुण पानांना नव्हे, प्रश्नाला

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अखेरच्या वर्षात मार्गदर्शकांना हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘प्रकल्प किती पानांचा हवा?’ परीक्षक मात्र पाने मोजत नाहीत. विद्यार्थ्याने कोणता प्रश्न घेतला आणि कोणत्या पुराव्याच्या आधारे त्याचे उत्तर दिले, हे ते पाहतात. राज्यात २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून लागू झालेल्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर आराखड्यात एकूण ८८ श्रेयांक आहेत. त्यात पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीला ४, तर शोधप्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक देण्यात आले आहेत. म्हणजे पदवीचा सुमारे नववा हिस्सा एकट्या प्रकल्पावर अवलंबून असतो.

विषय निराळा, प्रश्न निराळा

‘महाराष्ट्रातील दुष्काळ’ हा विषय झाला. तो शोधप्रश्न नव्हे. ‘१९७२च्या दुष्काळात अमुक तालुक्यातील दुष्काळी कामांवर स्त्रियांचे प्रमाण किती होते आणि त्यांच्या मजुरीत तफावत होती का?’ हा शोधप्रश्न झाला. त्याला काळाची, स्थळाची आणि पुराव्याची मर्यादा आहे. कामांचे हजेरीपट, जनगणनेचे अहवाल, त्या वेळची वृत्तपत्रे आणि त्या कामांवर राबलेल्या वृद्धांच्या मुलाखती, अशी साधनेही लगेच डोळ्यांसमोर येतात. जी साधने हाती येण्याची शक्यता नाही, त्यांवर आधारलेला प्रश्न पहिल्याच महिन्यात बदललेला बरा.

लेखनाची रचना

प्रस्तावना, पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, संशोधनपद्धती, माहितीचे विश्लेषण, निष्कर्ष आणि संदर्भसूची हा क्रम बहुतेक विद्याशाखांत सारखाच असतो. विद्यार्थी सर्वाधिक चुकतात ते आढाव्यात. दहा पुस्तकांचे दहा सारांश एकाखाली एक मांडले म्हणजे आढावा होत नाही. पूर्वीच्या अभ्यासकांचे कोठे एकमत आहे, कोठे मतभेद आहेत आणि कोणती बाजू अद्याप तपासायची राहिली आहे, हे त्यातून दिसले पाहिजे. प्रकल्पाची गरज तेथेच सिद्ध होते.

निष्कर्षांच्या बाबतीत संयम हवा. एका तालुक्यातील २० मुलाखतींवरून साऱ्या महाराष्ट्राविषयी विधान करता येत नाही. ‘या २० जणांच्या सांगण्यानुसार’ असे लिहिल्याने प्रकल्प लहान ठरत नाही. उलट आपल्या पुराव्याची मर्यादा विद्यार्थ्याला कळली आहे, हे त्यातून दिसते. गृहीतक खोटे ठरले तरी प्रकल्प फसला असे होत नाही. ते कसे खोटे ठरले, हे दाखविणे हेही संशोधनच होय.

वाङ्मयचौर्याचे चार स्तर

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये केलेले वाङ्मयचौर्यविषयक नियम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या मुदतीत सुधारित लेखन सादर करावे लागते. ४० ते ६० टक्क्यांसाठी वर्षभर सुधारित लेखन सादर करण्यास मनाई होते, तर ६० टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन केलेले उद्धरण, संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित समीकरणे आदी बाबी या मोजणीतून वगळल्या जातात. पदवी मिळाल्यानंतर वाङ्मयचौर्य सिद्ध झाले, तरी पदवी स्थगित ठेवण्याची तरतूद या नियमांत आहे.

मात्र १० टक्के म्हणजे नक्कल करण्याचा परवाना नव्हे. संगणकप्रणाली शब्दांचे साम्य दाखविते, प्रामाणिकपणा मोजत नाही. इंग्रजी ग्रंथातील परिच्छेद मराठीत उतरवून श्रेय न देता वापरला, तर तो यंत्राच्या नजरेतून सुटू शकेल. पण दुसऱ्याची कल्पना स्वतःची म्हणून मांडणे हेही वाङ्मयचौर्यच आहे. २०२२च्या अखेरीस आलेल्या चॅटजीपीटीसारख्या साधनांनी नवा धोका निर्माण केला आहे. अस्तित्वातच नसलेली पुस्तके आणि लेख ही साधने अनेकदा खरे वाटतील अशा तपशिलांसह पुरवितात. न वाचलेला ग्रंथ संदर्भसूचीत घालणाऱ्याची फजिती एका साध्या शोधाने होऊ शकते.

श्रेणी कशी ठरते?

गुणांची विभागणी विद्यापीठागणिक बदलते. त्यामुळे विभागाची मूल्यमापनपत्रिका आरंभीच मागून घ्यावी. श्रेयांक पद्धतीसाठी आयोगाने सुचविलेल्या दहा गुणांकांच्या श्रेणीत ‘ओ’ म्हणजे असाधारण कामाला १०, ‘ए प्लस’ला ९ आणि ‘ए’ला ८ गुणांक मिळतात, ‘पी’ म्हणजे केवळ उत्तीर्ण, त्यास ४. शुद्धलेखन, तक्ते आणि बांधणी यांनी प्रकल्प नीटनेटका होतो. वरची श्रेणी मिळते ती नेमका प्रश्न, त्याला साजेशी पद्धत आणि पुराव्याला धरून काढलेला निष्कर्ष यांमुळे.

याची खरी परीक्षा तोंडी परीक्षेत होते. ‘हीच २० माणसे का निवडली?’, ‘हजेरीपट आणि मुलाखती यांत विसंगती आढळली तेव्हा काय केले?’ अशा प्रश्नांची उत्तरे ज्याने काम स्वतः केले, त्यालाच देता येतात. म्हणूनच पहिल्या दिवसापासून प्रत्येक टिपणाशेजारी ग्रंथाचे नाव, पृष्ठक्रमांक आणि तारीख लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. अखेरच्या आठवड्यात संदर्भ शोधण्याची वेळ आली, की नकळत झालेली नक्कल आणि जाणूनबुजून केलेली नक्कल यांतील फरक परीक्षकाला पटवून देणे अवघड होऊन बसते.