ग्रामरक्षण : वतन, पद आणि प्रशिक्षण

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन स्थळे प्रसिद्ध आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, तर दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस कल्याण-शीळ मार्गावर. नाव एकच असले तरी दोहोंच्या परिसराचा राजकीय इतिहास भिन्न आहे. पहिले स्थळ साष्टी बेटात येते. साष्टी १७७४ साली इंग्रजांच्या हाती गेली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. कल्याण इंग्रजांनी १७८० साली घेतले होते, परंतु त्याच तहाने ते मराठ्यांना परत मिळाले व पेशवाईच्या अखेरीपर्यंत त्यांच्याकडे राहिले. अशा रीतीने या दोन परिसरांत कंपनी सरकारचा अंमल सुमारे चार दशकांच्या अंतराने स्थिर झाला. असे असूनही गावाची राखण कोणी करावी व त्यासाठी कोणती पात्रता असावी, या प्रश्नाचा पुढील इतिहास दोन्हीकडे एकच आहे. त्या इतिहासाचे थोडक्यात विवेचन येथे करावयाचे आहे.

मराठी राज्यात गावाच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलावर असे. दप्तराच्या कामी कुलकर्णी, इतर कामी चौगुला आणि प्रत्यक्ष राखणीस महार, अशी ही रचना होती. पुणे-साताऱ्याकडे रामोशी व खानदेशात भिल्ल हेही राखणदार म्हणून नेमलेले असत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ साली जो अहवाल सादर केला, त्यात या व्यवस्थेचे वर्णन सविस्तर आले आहे. चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढावा, माग शिवेपर्यंत पोहोचला की पुढील गावाने तो आपल्याकडे घ्यावा, आणि ज्या गावात तो थांबेल त्या गावाने चोरीची जबाबदारी पत्करावी, असा प्रघात होता. देशावरचे हे चित्र पाड्यापाड्यांत विखुरलेल्या उत्तर कोकणातील वस्तीस जसेच्या तसे लागू करता येत नाही. तथापि त्यामागील तत्त्व सर्वत्र समान होते. गावातील माणसे, वाटा आणि शिवा यांची खडान्‌खडा माहिती, हेच रक्षकाचे भांडवल होते. ती माहिती कोणत्याही शाळेत मिळत नसे. ती घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत येई.

इंग्रजी राजवटीने ही रचना मोडली नाही. तिला लेखी रूप दिले. १८६७ साली मुंबई इलाख्यात दोन कायदे झाले. सातव्या कायद्याने जिल्हा पोलिसांची व्यवस्था लावली व आठव्याने गावपोलिसांची. या आठव्या कायद्यानुसार पोलीस पाटील हा गावातील पोलिसांचा प्रमुख ठरला. गुन्ह्याची वर्दी देणे, संशयास्पद मृत्यू घडल्यास गावातील प्रतिष्ठित रहिवाशांना बोलावून पंचनामा करणे, आरोपीस ताब्यात घेणे ही त्याची कर्तव्ये होती. किरकोळ मारहाण वा शिवीगाळ करणारास चोवीस तासांपर्यंत अटकेत ठेवण्याचा अधिकारही त्यास मिळाला. त्यानंतर १८७४ च्या वतन कायद्याने हे पद वतनदार घराण्यांशी बांधलेलेच ठेवले. परिणामी कर्तव्ये आधुनिक राज्याची, परंतु ती बजावणारा मात्र जन्माने ठरलेला, अशी विसंगती निर्माण झाली.

या विसंगतीचा सर्वांत मोठा भार महार वतनदारांवर पडला. त्यांना चोवीस तास सरकारी व गावकीच्या कामास बांधून घेतले जाई, आणि एकाच्या कामासाठी साऱ्या कुटुंबास राबावे लागे. मोबदला म्हणून तुटपुंजे इनाम व बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच अन्यायाच्या निवारणार्थ होय. ते त्या वेळी संमत झाले नाही. गावरक्षणाची जुनी व्यवस्था स्वस्त होती याचे कौतुक करताना तिचे मोल कोणी चुकते केले, हे विसरता येत नाही.

जन्माऐवजी शिक्षणावर पद उभे करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न कोल्हापूर संस्थानात झाला. राजर्षी शाहू महाराजांनी १९११ च्या दिल्ली दरबाराच्या स्मरणार्थ पाटील शाळा स्थापन केली. पाटलाने आपले काम जाणून करावे, कुलकर्ण्याच्या लेखणीवर विसंबून राहू नये, हा त्यामागील हेतू स्पष्ट दिसतो. पुढे १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले आणि महार वतनेही बरखास्त केली. इंग्रजी मुलखात याच काळात प्रशिक्षणाची दिशा निराळी होती. १९०२-०३ च्या पोलीस आयोगानंतर पुण्याजवळ भांबुर्डे येथे १९०६ साली पोलीस प्रशिक्षणशाळा निघाली व १९०९ साली ती नाशिकला गेली. ती फौजदारांसाठी होती. फौजदार शिकून तयार होऊ लागला, परंतु ज्याच्या वर्दीवर त्याचा तपास अवलंबून असे तो पाटील मात्र पूर्वीसारखाच राहिला.

वतनांचा शेवट स्वातंत्र्योत्तर काळात झाला. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने आणि १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद नष्ट झाले. १ जानेवारी १९६८ पासून महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अंमलात आला. आता पोलीस पाटील हा नियुक्त, मानधनावरील सेवक आहे. १९६८ च्या आदेशाने त्याच्या पात्रतेसाठी २५ ते ४५ वर्षे वय, गावातील रहिवास व शालेय शिक्षण या अटी घातल्या. शिक्षणाची अट पुढे दहावीपर्यंत वाढली. स्त्रियांसाठीही हे पद खुले झाले आहे. या अटींत रहिवासाची अट विशेष लक्षणीय होय. वतन गेले तरी स्थानिक माहितीचे मोल कायद्याने मान्य केले, असाच तिचा अर्थ होतो.

मानपाड्याचा अनुभव या मोलाची मर्यादा दाखवितो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीनंतर परिसरातील खेडी झपाट्याने बदलली. १९८१ साली ठाणे पोलीस आयुक्तालय स्थापन झाले; आज मानपाडा आणि ठाण्यातील चितळसर ही दोन्ही पोलीस ठाणी त्याच्या कक्षेत आहेत. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या भोवतालची सत्तावीस गावे १९८३ साली तिच्यात आली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा समाविष्ट झाली. जेथे प्रत्येक घर पाटलाच्या ओळखीचे होते, तेथे आता अनोळखी भाडेकरूंच्या इमारती उभ्या आहेत. पाटील हे आडनाव परिसरात विपुल आढळते. परंतु आडनावातील पद आणि ठाण्यातील अंमलदार यांचा परस्परसंबंध उरलेला नाही.

म्हणूनच पोलीस ठाण्यास अभ्यासभेट देणाऱ्या विद्यार्थ्याने शस्त्रे, बिनतारी यंत्रणा आणि कोठडी पाहून परतू नये. स्टेशन डायरीत नोंद कशी होते, पंच कोठून येतात, बीट अंमलदारास आपल्या भागाची माहिती कोण देते, हे त्याने विचारावे. एकेकाळी ही माहिती जन्माने मिळे व तिची किंमत वतनाखाली दबलेली माणसे मोजीत. आज ती विश्वासाने आणि प्रशिक्षणाने मिळवावी लागते. हे परिवर्तन इष्टच होते. मात्र प्रशिक्षणाने कायदा शिकविता येतो, गाव शिकविता येत नाही. त्यासाठी गावात वावरावे लागते. शिकलेल्या अंमलदारास गावाची ओळख कशी व्हावी आणि गावच्या माणसास कायद्याचे ज्ञान कसे मिळावे, हा पाटील शाळेने हाती घेतलेला प्रश्न म्हणूनच अद्याप संपलेला नाही.