चूल व बंब : हवेचे नियमन

सरपण जाळणाऱ्या घरगुती साधनांत ज्वलनासाठी हवा किती व कोठून घ्यायची आणि धूर कोणत्या वाटेने बाहेर काढायचा, याच्या व्यवस्थेला हवेचे नियमन म्हणतात. तापलेले वायू हलके होऊन वर चढतात व त्यांच्या जागी खालून ताजी हवा खेचली जाते. ही खेच म्हणजे ‘ओढ’, आणि ती धुराड्याच्या उंचीवर व आतबाहेरच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. 3 मीटर उंच धुराड्यात सरासरी 150° से. तापमानाचे वायू असले, तरी 30° से.च्या हवेत ती जेमतेम 10 पास्कल भरते, त्यामुळे काजळीचा थर किंवा वाऱ्याचा उलटा झोत एवढ्यानेही धूर घरात परततो.

लांजा (जि. रत्नागिरी) व आसपासच्या अतिवृष्टीच्या मुलखात पावसाळ्याआधी सरपणाची बेगमी करतात ती यासाठीच, कारण ओल्या लाकडाची बरीचशी उष्णता पाणी आटवण्यात खर्च होऊन ओढ मंदावते. मातीच्या चुलीला झडप नसते. लाकडे पुढेमागे सारणे, राख ओढून काढणे व फुंकणीने निखारे फुलवणे हेच तिचे नियमन होय. शेजारच्या वैलावर उरलेल्या उष्णतेत दुसरे भांडे तापते. कौलांच्या फटींतून धूर निघून जाई. स्लॅबच्या घरात ती वाट उरली नाही.

हवेच्या नियमनाचा खरा नमुना मात्र पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब होय. त्याच्या मध्यातून जाणारी उभी नळी भट्टी व धुराडे अशी दोन्ही कामे करते आणि भोवतीच्या पाण्याला उष्णता देते. वरून टाकलेल्या ढलप्या, करवंट्या खालच्या जाळीवर जळतात, जाळीखालच्या तोंडातून हवा शिरते आणि हे तोंड राखेने बुजले की जाळ मंदावतो. ओढ फार वाढली, तर पाणी तापण्याआधीच उष्णता नळीवाटे निसटते, म्हणून पेट घेतल्यावर हवा थोडी कमी करणे हितावह ठरते.

1980च्या दशकातील राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात धुराड्याच्या चुली देशभर बसवल्या गेल्या. परंतु धुराडे वेळोवेळी साफ न केल्यास अशी चूल साध्या चुलीइतकीच धुरकट होते. निखारे पुरते विझेपर्यंत झडप किंवा बंबाचे झाकण बंद करू नये, कारण अपुऱ्या हवेत तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन वायू बंद न्हाणीघरात प्राणघातक ठरतो.