भोसले घाट : एका स्थलनामाचा इतिहास

काशीत उत्तरवाहिनी झालेली गंगा शहराला पूर्वेकडून चंद्रकोरीसारखा वळसा घालते. अस्सीपासून आदिकेशवापर्यंतच्या उंच पश्चिम तीरावर ऐंशीहून अधिक घाट आहेत. त्यांपैकी भोसले घाट मणिकर्णिका व पंचगंगा या दोन तीर्थांच्या दरम्यान येतो. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उभारला. तेथील लक्ष्मीनारायणाचे मंदिरही त्याच आश्रयाची खूण होय.

काशीतील घाटनामांचे स्थूलमानाने दोन थर दिसतात. दशाश्वमेध, पंचगंगा ही नावे तीर्थमाहात्म्यातून आली; अहल्याबाई, भोसले ही निर्मात्यांवरून. भोसले घाटावर हे दोन्ही थर एकत्र नांदतात. काशीखंडातील द्वादशादित्यांपैकी यमादित्य आणि त्याच्याशी संबद्ध यमेश्वर यांची स्थाने याच परिसरात आहेत. घाटाला आडनाव मिळाले, तरी देवतांची नावे पुसली गेली नाहीत.

येथे आयर्लंडचे उदाहरण उद्बोधक ठरते. १८२४ मध्ये आरंभ झालेल्या ब्रिटिश भूमापनात तेथील खेड्यांची गेलिक नावे इंग्रजी वळणाने नोंदली गेली. जॉन ओ'डोनोव्हन यांच्यासारख्या अभ्यासकांनी मूळ रूपे टिपून ठेवली; परंतु नकाशावर रूढ झाली ती बहुधा इंग्रजी रूपे. ब्रायन फ्रिएल यांच्या 'ट्रान्सलेशन्स' (१९८०) या नाटकाचा विषय हाच आहे. तेथे सत्ता नाव बदलते.

काशीत मात्र घडले ते वेगळे. भोसल्यांनी काशीवर कधीच राज्य केले नाही. १७७५ पासून हा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाराखाली होता. त्यामुळे हे नाव जिंकलेल्या भूमीवरची मुद्रा ठरत नाही. परक्या सत्तेच्या प्रदेशात दानधर्माने मिळवलेली ती ओळख आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी १८२२ मध्ये काशीचा नकाशा तयार केला, तोवर नामकरणाचे बरेचसे काम यात्रेकरू, नावाडी व पुरोहित यांच्या जिभेने केलेले होते.

त्या जिभेने उच्चारही बदलले. उत्तरेत 'शिंदे' यांचे 'सिंधिया' झाले, 'भोसले' हिंदीत सानुनासिक होऊन 'भोंसले' असे लिहिले जाऊ लागले. या बदलाला केवळ अपभ्रंश म्हणून बाजूला सारता येत नाही. स्थानिक भाषेने परके आडनाव आपलेसे केल्याचा तो पुरावा होय. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. घाटाचे नाव टिकले. स्थलनाम कोणी दिले, याइतकेच ते कोणी उच्चारत ठेवले, हेही म्हणूनच महत्त्वाचे ठरते.